दुधेळीचे पाच बुंधे

विमलाकाकी शितप यांनी कापडी पिशवीतून केळीच्या खोडाचा एक कापलेला सोप काढला आणि नाझिया होडेकरच्या टेबलावर ठेवला.

"हे बघ. असे पाच बुंधे राहिलेत आगरात. वरचं सगळं आडवं."

सकाळचे साडेआठ वाजले होते. खाली मिरकरवाड्याच्या धक्क्यावर मासळीच्या लिलावाचा कालवा चालला होता. धाकू शिवलकर नुकताच चहाची किटली घेऊन जिना चढून आला होता. एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टरकी करून तो निवृत्त झाला, आणि घरी बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा बरं म्हणून नाझियाच्या कचेरीत येऊ लागला. नाझिया वयाने त्याच्या मुलीएवढी. आधी दहा वर्षं तिने पीकविम्याच्या पाहण्या केल्या होत्या. वादळात कोणाची किती झाडं पडली आणि कोणी किती पाडून ठेवली, हे ओळखता ओळखता ती खाजगी तपासाच्या धंद्यात शिरली होती.

"आधी चहा घ्या, काकी," ती म्हणाली. "मग पहिल्यापासून सांगा."

विमलाकाकींनी कप हातात घेतला, पण प्यायल्या नाहीत. आरे-वारेच्या अलीकडे आगरवाडीत त्यांचं नारळ-पोफळीचं आगर. त्यात केळीच्या सहा-सात देशी जाती. वेलची, राजेळी, मुठेळी, बनकेळ, लाल केळ, आणि एक जी दुसऱ्या कोणाकडे नाही, ती दुधेळ. त्यांच्या आजेसासूने माहेराहून आणलेली.

"फळ बोटाएवढं. साल कागदासारखी. गर दुधासारखा पांढरा, म्हणून दुधेळ. पानाच्या देठाला तांबूस कड असते, तिच्यावरून ओळखायची. आजाऱ्याला द्या, तान्ह्याला द्या, बाधत नाही. पण गरवी हो. वेलची वर्षाच्या आत निसवते, ही पंधरा महिने धरून चालायची."

केळ निसवते म्हणजे तिच्या पोटातून केळफूल बाहेर पडतं, एवढं धाकूला ठाऊक होतं. त्याने मान डोलावली.

दापोलीच्या 'देशी वाण मंडळा'ने दुधेळीची नोंद काकींच्या नावावर करायचं ठरवलं होतं. पाहणीसाठी नव्याने पाच झाडं लावली होती, गेल्या वर्षीच्या गणपतीत. मंडळाचा ऋत्विक खोत दर महिन्याला यायचा, मापं घ्यायचा, वहीत लिहायचा. दसरा झाला आणि काकी मुंबईला मुलीच्या बाळंतपणाला गेल्या. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाटाने आगरात आपसूक येतं, त्यामुळे शिंपण्याची चिंता नव्हती. किल्ली त्यांनी ऋत्विककडे दिली.

"आज दुपारी दोन वाजता मंडळाच्या अध्यक्ष देवस्थळीबाई येणार आहेत. घड मोजायला, वजन करायला. म्हणून मी रात्रीच्या गाडीने आले. दहाला पोचेन असं सगळ्यांना कळवलं होतं. गाडीने साडेसातलाच सोडलं. आगरात पाऊल टाकलं, तर हे."

"घड?"

"एक नाही. पाचही नेले." त्यांनी पिशवीतून वहीच्या छापील प्रती काढल्या. "हे ऋत्विकने पाठवलेलं. बघ, ऑक्टोबर अखेर पाचही झाडं निसवली. घडाला अकरा फण्या. अंदाजे वजन बावीस किलो. मला वाटलं, यंदा पाणी मानवलं. मागच्या आठवड्यात त्याने मोबाइलवर फोटोपण धाडला. एकाच घडाचा, जवळून काढलेला. तीन फण्या दिसतात. सगळे असेच आहेत म्हणाला."

नाझियाने प्रती चाळल्या. मग सोपाच्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि अंगठ्याला घासून पाहिलं. बोट चिकट झालं होतं.

"संशय कोणावर?"

काकींचा चेहरा कठीण झाला. "शेजारचा बाबल्या पाष्टे. हद्दीच्या गडग्यावरून दोन वर्षं भांडतोय. काल सांजेला कोयता घेऊन गडग्यापाशी उभा होता, उमेर मुकादमने पाहिलं. मी सकाळी त्याच्या दारात जाऊन, सगळ्या वाडीसमोर त्याला चोर म्हटलं. तो घरी नव्हता. त्याची बायको ऐकत उभी होती."

"उमेर तुमच्या वाडीतला?"

"वर कातळाच्या सड्यावर नर्सरी आहे त्याची. कतारहून आल्यावर काढलेली."

नाझिया उठली. धाकूने चहाचा शेवटचा घोट घेतला. प्रकरण सोपं आहे, त्याला वाटलं. गडग्याची भांडणं कोकणात कोयत्यापर्यंत जातात, हे काही नवीन नव्हतं.

साडेनऊला ते आगरात पोचले. चिऱ्याच्या गडग्याच्या आत सावली दाट होती. दुधेळीची झाडं पाटाच्या कडेला एका ओळीत होती. आता तिथे मांडीएवढ्या उंचीचे पाच बुंधे होते, आणि भोवती खोडं, पानं, सोपांचा चिखल.

नाझिया एकेका बुंध्यापुढे उकिडवी बसली. धाकूही वाकला. कापलेलं खोड वरून कांद्यासारखं दिसत होतं, सोपात सोप. चार बुंध्यांच्या मधोमध फिक्या हिरव्या सुरळीचं टोक वर आलं होतं. नाझियाने बोटं आडवी लावली. दोन बोटं. पाचव्या बुंध्यात तसं काही नव्हतं. तो सपाट होता, मधोमध पांढरा गोल गाभा, बांगडीएवढा.

"मुनवे बघा, धाकूकाका."

बुंध्यांच्या पायथ्याशी मुनवे, म्हणजे केळीची पिलं, उभी होती. तलवारीसारख्या अरुंद पानांची, चांगली दमदार. एकालाही कोयता लागला नव्हता. कंदही जागेवर होते.

"घाईत राहिले असतील," धाकू म्हणाला.

नाझिया उठली. पलीकडे छातीएवढी बनकेळ होती, अजून न निसवलेली. तिच्याकडे बोट दाखवून तिने विचारलं, "काकी, हिला तोडू?"

"तोड. आता कशाला जपू?"

नाझियाने काकींच्या कोयत्याने एका घावात बनकेळ मांडीएवढी उंच ठेवून कापली आणि घड्याळ पाहिलं. पावणेदहा. "धाकूकाका, हिच्यावर लक्ष ठेवा. पावणेएकला मला सांगा, काय दिसतं."

"तोडलेल्या केळीवर काय लक्ष ठेवायचं?"

"कंडक्टर गाडी थांबली तरी प्रवासी मोजतो ना, तसं."

अशा वेळी तिला जास्त विचारलं की ती अजूनच कोड्यात बोलते, हा धाकूचा अनुभव होता.

दहाच्या सुमारास रिक्षा थांबली आणि ऋत्विक खोत आला. सव्वीस-सत्तावीसचा, सडपातळ, इस्त्रीचा निळा शर्ट, पायात चकचकीत पांढरे कापडी बूट. ओटीच्या पायरीवरच तो मटकन बसला.

"काकींचा फोन आला तेव्हा मी गाडीत होतो. दापोलीहून पहाटेची एसटी पकडली होती. रत्नागिरी स्टँडवरून रिक्षा केली." त्याचा आवाज बसला होता. "रात्रीच कोणीतरी डाव साधला. माझी दोन वर्षांची मेहनत गेली हो. ह्या अहवालावर माझी नोकरी कायम व्हायची होती."

"आत येऊन बघता का?" नाझियाने विचारलं.

"नको. मला बघवणार नाही." तो ओटीच्या खांबाला टेकला. काकींनी चहा पुढे केला, त्याने हातानेच नको म्हटलं.

"घड किती होते?"

"पाच. मागच्या आठवड्यात मी स्वतः मोजले. टेम्पोशिवाय न्यायला जमणार नाही. शंभर-सव्वाशे किलो माल आहे."

टेम्पो म्हणताच धाकूचे कान टवकारले, कारण गडग्यापलीकडे त्याच क्षणी एक टेम्पो येऊन थांबला होता. बाबल्या पाष्टे खाली उतरला. मागची फळी ओली होती आणि भुश्शाचा वास येत होता. तो मिरकरवाड्याला बर्फ पोचवायचा.

बायकोने त्याला फोनवर सगळं सांगितलं असावं. तो सरळ गडग्याशी आला आणि नाझियाकडे न बघता काकींकडे बघत म्हणाला, "काकी, तुमी माज्या दारात येऊन चोर बोललात."

काकी दुसरीकडे बघू लागल्या.

"काल सांजेला कोयता होता तुमच्या हातात?" नाझियाने विचारलं.

"व्हता. आज मार्गशीर्षातला गुरुवार. चिमाचा उपास, तिला पूजेला केळीचा पान पायजे व्हता. गडग्यावरून माज्या अंगणात वाकलेला एक पान तोडला. राजेळीचा. त्याला चोरी म्हनत असाल तर म्हना."

"आणि रात्री?"

"घरात. चार वाजता बर्फ भरायला निगालो. पाच ते नऊ धक्क्यावर. बर्फाच्या पावत्या हायत, टाइम छापलेला हाय."

"रात्री घरात होतात, ह्याला साक्षी?"

"बायको," बाबल्या म्हणाला, आणि हे पुरेसं नाही हे त्याचं त्यालाच कळलं.

धाकूने मनात नोंद केली. सांजेपासून चारपर्यंत हा मोकळा, हाताशी कोयता, दाराशी टेम्पो. आणखी काय हवं?

चिमा दारात उभी होती. डोळे लाल. नाझिया गडग्याच्या खिंडीतून तिच्याकडे गेली, धाकू मागे.

"काकी नव्हत्या तेव्हा तुम्ही आगरात जायचात?"

चिमाने नवऱ्याकडे चोरून पाहिलं. "एकदाच गेले. भांडान झाला तरी काकी मला केळफुलं द्यायच्या, भाजीला. दरवर्षी द्यायच्या. त्या मुंबैस गेल्या, मग मीच गेले, दिवाळीनंतर. एकच गावला, दुधेळीचा. तेवडाच आनला."

"एकच?"

"एकच. खोटा कशाला बोलू, आज गुरुवार हाय."

अकराला उमेर मुकादम जीप घेऊन स्वतःच आला. चाळिशीचा, तलम सदरा, अत्तराचा मंद वास. काकींना सलाम करून तो थेट बुंध्यांकडे गेला आणि पायथ्याचे मुनवे मोजू लागला. ओठ हलत होते. धाकूला ते आवडलं नाही. मयताच्या घरी येऊन जमिनीची मोजणी करावी, तसं ते वाटलं.

"चौदा," उमेर म्हणाला. "अल्लाची मेहरबानी."

"तुम्ही दुधेळीचा कंद मागितला होतात, असं काकींकडून कळलं," नाझिया म्हणाली.

"तीनदा. टिश्यू कल्चर करून हजारो रोपं काढली असती. काकी नाही म्हणाल्या. त्यांचा माल, त्यांची मर्जी."

"काल रात्री कुठे होतात?"

"मामेभावाच्या लग्नात, राजिवड्याला. मध्यरात्रीपर्यंत. दोनशे माणसं सांगतील."

"आणि आज सकाळी? सहा ते आठ?"

उमेरने रुमाल काढला. "सकाळचं कशाला विचारता?"

"सांगा तरी."

"नर्सरीत. एकटाच. कामगार नऊला येतात." त्याने रुमालाने कपाळ पुसलं. डिसेंबरच्या सकाळी घाम येण्याजोगं ऊन नव्हतं.

नाझिया पाटाकडे वळली, तशी धाकूने तिला गाठलं. "ताई, सकाळचं का विचारलंत? चोरी रात्रीची."

"रात्रीची असं कोण म्हणालं?"

"सगळेच."

"सगळे म्हणजे कोण, ते आठवून बघा. आणि तोवर आगर पालथं घाला. पाटाची कड, झावळ्यांचे ढीग, विहीर. केळीचा घड दिसला तर हात लावू नका, हाक मारा."

धाकूला हे काम वेडेपणाचं वाटलं. चोर घड चोरतो तो विकायला, मागे ठेवायला नव्हे. तरी त्याने धोतराचा सोगा खोचला आणि शोधू लागला. बाराच्या सुमाराला विहिरीमागे, सुक्या झावळ्यांच्या ढिगाखाली, त्याच्या हाताला गार काहीतरी लागलं. झावळ्या बाजूला केल्या तर खाली घड होता. कोवळा, हिरवागार, बोटाएवढ्या केळ्यांचा. त्याने फण्या मोजल्या. सात.

त्याने सगळा ढीग उपसला. दुसरा घड नव्हता. विहिरीत डोकावलं, पाटाच्या मोरीत काठी घातली. कुठेच काही नाही.

"एकच घड," तो धापा टाकत म्हणाला. "बाकी चार नेले, आणि हा जड झाला म्हणून टाकला असेल."

नाझियाने घड एका हाताने उचलून पाहिला. "जड?"

धाकूने घड स्वतःच्या हातात घेऊन पाहिला.

"आता बनकेळ बघा. पावणेएक वाजला."

तो बनकेळीकडे गेला आणि जागीच थबकला. सकाळी त्याच्या डोळ्यांदेखत सपाट कापलेल्या बुंध्याच्या मधोमध हिरवी सुरळी वर आली होती. त्याने बोटं लावली. दोन बोटं. मग तो दुधेळीकडे वळला. सकाळी दोन बोटं असलेली तिथली टोकं आता चार बोटं झाली होती. पाचवा बुंधा होता तसाच.

"अरे," धाकू स्वतःशीच म्हणाला. पण पुढचं त्याला जुळेना. त्याला दिसत होतं ते असं, की झाड मेलेलं नाही. ह्यात चोर कुठे आला?

ओटीवर परतताना त्याचं लक्ष ऋत्विककडे गेलं. तो सकाळपासून त्याच खांबाला टेकून बसला होता, एकदाही अंगणात उतरला नव्हता. त्याच्या पांढऱ्या बुटांवर, बोटांच्या वरच्या बाजूला, पाच-सहा तपकिरी शिंतोडे होते. चहा सांडला वाटतं, असं धाकूला वाटलं. सकाळी बूट कसे लख्ख होते. ऋत्विकने त्याची नजर पाहिली आणि पाय पायरीखाली घेतले.

दोन वाजता देवस्थळीबाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, हातात काटा आणि मोजपट्टी असलेली पिशवी. बातमी त्यांना वाटेतच कळली होती. ओटीवर त्या, काकी, ऋत्विक आणि उमेर बसले. बाबल्या ओटीवर चढला नाही, चिमाबरोबर अंगणात उभा राहिला. वाडीतली चार माणसं गडग्यावर बसली होती.

"चोर सापडला का?" देवस्थळीबाईंनी विचारलं.

"चोरी झालीच नाही," नाझिया म्हणाली. "तिथूनच सुरुवात करते."

ती उभीच राहिली.

"केळीचं खोड म्हणजे खोड नव्हेच. पानांचे सोप एकावर एक गुंडाळलेले असतात. पान जन्मतं खाली, कंदापाशी, आणि मधून वर सरकत येतं. वरून झाड कापलं तरी आतल्या पानाची वाढ थांबत नाही, ते वर येत राहतं. वादळानंतर लोक केळी कापून 'वाऱ्याने पडली' म्हणून दाखवायचे, तेव्हा ह्याच टोकावरून मला कळायचं की झाड कधी कापलंय. आज साडेनऊला दुधेळीच्या बुंध्यांत सुरळी दोन बोटं वर आली होती. पावणेदहाला मी बनकेळ कापली. तीही तशीच, न निसवलेली आणि त्याच पाण्यावरची. तिला दोन बोटं यायला तीन तास लागले. धाकूकाकांनी मोजलंय."

धाकूने मान हलवली. आता कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडू लागला.

"बोटाएवढं इकडेतिकडे धरा. पण रात्री कापली असती तर सुरळी वीतभर आली असती. म्हणजे झाडं आज सकाळी साडेसहाच्या आसपास कापली. काकींनी साडेआठला माझ्या टेबलावर सोप ठेवला, त्याचा चीकसुद्धा ओला होता. साडेसहाला बाबल्याभाऊ धक्क्यावर बर्फ उतरवत होते. पावत्या मी पाहिल्यात. त्यांनी काल सांजेला पान तोडलं, एवढंच."

उमेर चुळबुळला. "सकाळी मी एकटा होतो, म्हणून आता माझ्यावर येणार?"

"तुमच्यावर येत होतं. पण तुम्हाला दुधेळ हवी होती ती कंदासाठी, मुनव्यांसाठी. चौदाच्या चौदा मुनवे जागेवर आहेत, तुम्हीच मोजलेत. तुम्ही आला असतात तर झाडं उभी राहिली असती आणि मुनवे गेले असते. आणि ज्याला डूख धरून सूड घ्यायचा असतो, तो केळ वरून कापत नाही. कंद खणतो, मुनवे चेचतो. ज्याने कापली त्याला दुधेळ मरायला नको होती. आज दुपारी दोन वाजता ती कोणाला दिसायला नको होती, एवढंच."

देवस्थळीबाईंनी पिशवी खाली ठेवली. "म्हणजे?"

"पाच बुंध्यांपैकी चारांतून सुरळी वर आली. पाचव्यातून आली नाही. केळ एकदा निसवली की तिला नवं पान येत नाही. मधोमध असतो तो घडाचा दांडा, त्याची पोटातली वाढ संपलेली असते. म्हणून कापलं की तो जागचा हलत नाही. पाचवं झाड निसवलेलं होतं. बाकी चार निसवलीच नव्हती. त्यांना घड आलाच नव्हता, मग चोरणार काय?"

ती चिमाकडे वळली.

"चिमाताईंना दिवाळीनंतर केळफूल एकच मिळालं, कारण ते एकच होतं. धाकूकाकांना घडही एकच सापडला, सात फण्यांचा. मी तोलला, सहा किलोही नाही. पोसला असता तर नऊ-दहा झाला असता. काकी, गरवी केळ पंधरा महिन्यांत निसवते, तुम्हीच म्हणालात. गणपतीत लावलेली पाच झाडं ऑक्टोबरात, तेराव्या महिन्यात, सगळीच्या सगळी कशी निसवली?"

काकी हळूच म्हणाल्या, "वहीत लिहिलं होतं."

"फक्त वहीत होतं. पाच घड दुसऱ्या कोणीच पाहिले नाहीत. घड नाहीत हे आज उघडं पडलं असतं. पडू नये म्हणून झाडं जायला हवी होती, आणि तीही काकी दहाला पोचण्याआधी."

सगळ्यांच्या नजरा ऋत्विककडे वळल्या. तो उभा राहिला. "मी पहाटे एसटीत होतो. तुम्ही काहीही जोडताय."

"केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखा दिसतो. कपड्यावर पडला तरी कळत नाही. काही तासांनी तो तपकिरी होतो आणि मग कुठल्याही साबणाने जात नाही. हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून तुम्ही शर्ट-पँट बदललीत. बूट स्वच्छ दिसले, ते राहिले." नाझियाने पायरीकडे पाहिलं. "आल्यापासून तुम्ही आगरात पाऊल टाकलेलं नाही. बघवणार नाही म्हणालात. मग चीक कुठला?"

धाकूला आता आठवलं, चहाला तर ह्याने सकाळीच नको म्हटलं होतं.

ऋत्विक आपल्या बुटांकडे बघत राहिला. मग तो खांबाला धरून खाली बसला.

"कालच आलो होतो," तो म्हणाला. "वारे गावात खोली घेतली. काकी मुंबईला गेल्यावर मी इथे यायचंच सोडलं. दापोलीहून इतक्या लांब दर महिन्याला... घरी बसून वही भरायचो. वेलचीचे आकडे घ्यायचो, थोडे वाढवायचो. बाईंना वाण आवडला, यादीत वर गेला. मग मलाच सांगवेना. मागच्या आठवड्यात आलो, तेव्हा बघतो तर एकच झाड निसवलेलं." तो काकींकडे वळला. "कंदाला मी हात लावला नाही, काकी. पुन्हा फुटेल म्हणूनच."

"आणि बाबल्याला पोलिसांनी नेलं असतं तर?" काकींनी विचारलं.

त्याने पाय पुन्हा पायरीखाली ओढले.

देवस्थळीबाईंनी छापील प्रती उचलल्या, एकदा पाहिल्या आणि पिशवीत टाकल्या. "ऋत्विक, तुम्ही माझ्या गाडीत बसा. दापोलीला जाऊन हे सगळं तुम्हाला लेखी द्यावं लागेल." मग त्या काकींना म्हणाल्या, "नोंद आता होणार नाही. ही झाडं फुटून निसवेपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाईल. आणि खरं सांगू, दहा किलोचा घड यादीत फारसा वर येत नाही."

"नको येऊ दे," काकी म्हणाल्या. "सात फण्या आणि दहा किलो, असंच लिहा. बावीस किलो मी कधी म्हटलं नव्हतं. आजेसासूबाईंनी ती वजनासाठी लावली नव्हती. मापं घ्यायला मात्र तुम्ही स्वतः या."

"येईन," बाई म्हणाल्या.

ऋत्विक गाडीकडे जाताना काकींसमोर थांबला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. काकींनी हात पुढे केला. त्याने खिशातून आगराची किल्ली काढून त्या हातावर ठेवली आणि मान खाली घालून निघून गेला.

उमेर जीपकडे निघाला. गडग्यावरची माणसं पांगली. बाबल्या आणि चिमा कधी घरात गेले, ते धाकूच्या लक्षात आलं नाही.

पदर सारखा करून काकी अंगणात उतरल्या आणि गडग्याच्या खिंडीतून पलीकडे गेल्या. नाझिया जागेवरच थांबली. तिने धाकूलाही हाताने थांबवलं, पण तिथून सगळं दिसत होतं.

बाबल्याच्या दाराशी काकी उभ्या राहिल्या. आत चढल्या नाहीत.

"बाबल्या."

तो दारात आला. अंगावर बनियन, खांद्यावर टॉवेल.

"सगळ्या वाडीसमोर बोलले मी. आता तसंच सगळ्यांसमोर सांगते. चुकले."

"आता कोन हाय ऐकायला?" बाबल्या म्हणाला. "सगळे गेले. बोललात तेव्हा अख्खी वाडी व्हती."

काकींना हे लागलं, ते धाकूला इतक्या लांबूनही कळलं. त्या वळतील असं त्याला वाटलं. त्या वळल्या नाहीत.

"मग रविवारी देवळात बैठक आहे, तिथे सांगेन. सगळे असतील."

बाबल्याने टॉवेलने तोंड पुसलं. आतून चिमा काहीतरी बोलली, ऐकू आलं नाही. तो दारातून बाजूला झाला.

"उन्हात उभ्या राहू नका," तो म्हणाला. "बसा ओटीवर. पानी आनतो."